निकाल लागतो चौकशीच्या खोलीत

26 ऑगस्ट 1983 रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. आरोपपत्र निघालं, खातेनिहाय चौकशी झाली, आरोप शाबीत ठरला आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार कडक आहे, अशी त्याची तक्रार होती. खालच्या न्यायालयांपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पायऱ्या चढत प्रकरण दिल्लीला पोचलं आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. याआधी तीन वेळा तो गैरवर्तनात दोषी ठरला होता, प्रत्येक वेळी सौम्य शिक्षेवर सुटला होता, चौकशीतही खोट नव्हती. तेव्हा मालकाच्या निर्णयात हात घालायला जागा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल पटण्यासारखा आहे. पण तो लागेपर्यंत एकवीस वर्षं उलटली होती. 1983 साली ऐन तिशीत असलेला माणूस 2005 साली निवृत्तीच्या वयाला टेकलेला असतो.

याच्या सात वर्षं आधी, 1998 साली, महाराष्ट्रातलंच झोपेचं आणखी एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलं होतं. कलर-केम या रंगरसायनांच्या कंपनीत रात्रपाळीला अचानक झालेल्या तपासणीत कामगार झोपलेले सापडले आणि त्यांतल्या दोघांची बडतर्फी न्यायालयात पोचली. इथे न्यायालयाने ती रद्द ठरवली. शिक्षा धक्का बसावा इतकी जास्त आहे, असं सांगून न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद केला. छळवणूक दोन तऱ्हेची असते: एक प्रत्यक्षातली, म्हणजे मालकाने डूख धरून काढलेली, आणि दुसरी कायद्याच्या लेखी असलेली. मालकाच्या मनात आकस नसेलही, पण कोणताही समंजस मालक देणार नाही इतकी भारी शिक्षा त्याने दिली, तर कायदा तिला छळवणूकच म्हणतो. गुन्हा तोच, झोपेचा. निकाल मात्र एकमेकांच्या उलट. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की त्यात विसंगती उरत नाही. कामगार झोपला होता का, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडलेला आहे. त्याची आधीची नोकरी कशी होती, चौकशी कशी झाली आणि शिक्षा ठरवताना या दोन गोष्टी कुणी ध्यानात घेतल्या का, यावर सगळं ठरलं.

बडतर्फीच्या खटल्यांबद्दल एक गोष्ट पुरेशा जोराने बोलली जात नाही असं मला वाटतं. अन्याय कोर्टात होत नाही आणि बहुतेक वेळा दूरही कोर्टात होत नाही. तो होतो कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या आवारातल्या चौकशीच्या खोलीत. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी आणि व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, समोर आरोपी कामगार, आणि नशीब असेल तर त्याच्या शेजारी युनियनचा एखादा माणूस. तिथे जे कागदावर उतरतं तेच पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक न्यायाधीशासमोर जातं. आपल्या कायद्याने गेली पन्नासहून जास्त वर्षं आपली सारी बुद्धी नंतरच्या डागडुजीवर खर्च केली आणि ती खोली होती तशीच ठेवली.

डागडुजी मात्र खरोखर मोठी आहे, तिला कमी लेखून चालणार नाही. 1958 सालच्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगार न्यायाधिकरणाचे हात बांधून ठेवले होते. मालकाची नियत खोटी असेल, छळवणूक किंवा अनुचित कामगार प्रथा असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल किंवा निष्कर्षाला कसलाच आधार नसेल, तरच त्यात लक्ष घालायचं. शिक्षा जास्त वाटते एवढ्यावरून ती बदलता येत नव्हती. 1963 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नोकरीतून काढण्याविषयी शिफारस क्रमांक 119 मंजूर केली. नोकरी गेलेल्या माणसाला तटस्थ यंत्रणेकडे दाद मागता यावी आणि त्या यंत्रणेला कारणं तपासण्याचा अधिकार असावा, हा तिचा गाभा. तिचा हवाला देऊन संसदेने 1971 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ घातलं. त्यानंतर न्यायाधिकरण पुरावा स्वतः तपासू शकतं, बडतर्फी रद्द करू शकतं, तिच्या जागी हलकी शिक्षा देऊ शकतं. त्याच वर्षीचा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला कामगार चळवळीत सगळे एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात, आणखी पुढे गेला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच नोंद बडतर्फीची आहे. सूडबुद्धीने काढणं, अधिकाराचा देखावा करून काढणं, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणं, विनापरवाना गैरहजेरीचा बनाव रचून काढणं, नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून किंवा अवाजवी घाईने चौकशी उरकून काढणं, आणि किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, मागची सेवा न पाहता धक्कादायक शिक्षा देणं: हे सगळं त्या यादीत अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. कामगाराला काढायच्या किती वाटा असू शकतात हे ज्याने ती यादी लिहिली त्याला नीट ठाऊक होतं.

आता त्या खोलीत जाऊ. आरोपपत्र देणारा व्यवस्थापनाचा, साक्षीदार व्यवस्थापनाच्या पगारावरचे, आणि चौकशी अधिकारीही व्यवस्थापनानेच नेमलेला. मोठ्या कंपन्या बहुधा बाहेरचा वकील नेमतात, पण त्याची फी कंपनी देते आणि पुढचं काम देणारीही तीच. मालकाने पैसे दिले एवढ्याने चौकशी अधिकारी पक्षपाती ठरत नाही, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे आणि व्यवहारात ती समजण्यासारखी आहे, कारण नाहीतर एकही चौकशी टिकणार नाही. पण पक्षपात सिद्ध करता न येणं आणि पक्षपात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामगाराच्या बाजूला काय असतं? कारखान्याच्या शिस्तीचे नियम घालून देणाऱ्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे त्याला सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी बचावासाठी आणता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, स्वतःचे साक्षीदार आणता येतात. सहकारी साक्षीला येतो का, हा वेगळा प्रश्न. त्याची नोकरी अजून शाबूत असते आणि ती तशीच राहावी असं त्यालाही वाटतं.

या असमानतेवर सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात बोट ठेवलं. व्यवस्थापनाने आपली बाजू मांडायला कायद्याचं शिक्षण घेतलेली माणसं बसवली आणि कामगाराला मात्र वकील नाकारला. न्यायालयाने सांगितलं की ज्या चौकशीतून माणसाची रोजीरोटी जाऊ शकते, तिथे एका बाजूला कायदेपंडित आणि दुसऱ्या बाजूला निःशस्त्र कामगार ही रचनाच नैसर्गिक न्यायाला धरून नाही. पुढे 1993 साली ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने आणखी एक दार उघडलं: चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत शिक्षा ठरण्याआधी कर्मचाऱ्याच्या हातात पडलीच पाहिजे. आज हे इतकं उघड वाटतं की तोपर्यंत कित्येकांना आपण कोणत्या निष्कर्षावरून दोषी ठरलो हे बडतर्फीच्या पत्रासोबतच कळत होतं, यावर विश्वास बसत नाही.

आणि पोटाचा प्रश्न. कर्नाटकातल्या कोलार सोनखाणीत भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर जून 1985 मध्ये छापा पडला. 4.5 ग्रॅम वजनाचा सोन्याचा गोळा आणि 1276 ग्रॅम सोन्याचा अंश असलेली वाळू सापडल्याचा आरोप ठेवून त्याला निलंबित केलं गेलं, फौजदारी खटला भरला आणि खातेनिहाय चौकशीही सुरू झाली. निलंबनकाळातला निर्वाह भत्ता मिळाला नाही. आजारपण आणि पैशांची चणचण यांमुळे तो चौकशीला हजर राहू शकला नाही. चौकशी एकतर्फी उरकली आणि जून 1986 मध्ये तो बडतर्फ झाला. फेब्रुवारी 1987 मध्ये फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, छापा घातला हेच सिद्ध झालं नाही म्हणून. दोन्हीकडे पुरावा तोच आणि साक्षीदारही तेच. सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायचा आदेश दिला तो मार्च 1999 मध्ये. न्यायालयाने निर्वाह भत्त्याबद्दल जे मांडलं ते मला या साऱ्या कायद्यातलं सर्वांत मूलभूत वाटतं. निलंबित माणूस अजून नोकरीत असतो, त्याच्या घरची चूल त्याच पगारावर पेटते. ती बंद पाडून त्याला चौकशीला ये म्हणणं हे चौकशी नाकारण्यासारखंच आहे.

इथे मालकांची बाजू येते, आणि ती हलक्याने घेऊ नये. भट्टी चालू ठेवून झोपणारा माणूस इतरांच्या जिवाशी खेळतो. तिकीट न देता पैसे घेणारा वाहक हा फक्त काही रुपयांचा प्रश्न नसतो. ज्याच्या हाती रोजची रोकड सोपवायची त्याच्यावरचा भरवसा उडालेला असतो. शिवीगाळ किंवा मारहाण करणाऱ्याला कोर्टाने परत आणलं तर शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर उद्या कुणाला जाब विचारणार? या तक्रारींत तथ्य आहे, पण न्यायालयांनी त्या ऐकलेल्या नाहीत हे खरं नाही. बस वाहकाच्या 1977 सालच्या हरियाणातल्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्या कामगारांबद्दल कळवळा असलेल्या न्यायाधीशाने बडतर्फी उचलून धरली. प्रवाशांचे जबाब नोंदवले नव्हते, तरी खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत. विश्वसनीय पुरावा असला, वागणूक न्याय्य असली की पुरे, असं त्यांनी सांगितलं. वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दल झालेली बडतर्फी महिंद्रा अँड महिंद्राच्या 2005 सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि कलम 11-अ चा अधिकार म्हणजे दयाबुद्धीची मोकळीक नव्हे, असं बजावलं. म्हणजे मालकाकडे खरा पुरावा असेल, चौकशी सरळ झाली असेल, तर तो हरत नाही. चुकीच्या चौकशीनंतरही त्याला एक संधी असते: अंतर्गत चौकशी सदोष ठरली तरी तो न्यायालयासमोर पुरावा नव्याने मांडून बडतर्फीचं समर्थन करू शकतो, हे 1965 च्या मोतीपूर साखर कारखान्याच्या आणि 1975 च्या कूपर इंजिनिअरिंगच्या निकालांनी पक्कं केलं आहे. त्याआधीच्या टप्प्याला कामगार न्यायालयांत पार्ट वन म्हणतात. चौकशी योग्य होती की नाही, याचा आधी स्वतंत्र निकाल. त्या पार्ट वनलाच वर्षं जातात. दुसऱ्या संधीची उदारता कामगाराच्या आयुष्यातून वजा होते.

तेव्हा ‘प्रक्रियेच्या नावाखाली गुन्हेगार सुटतात’ हा आक्षेप उलटा करून पाहायला हवा. सदोष चौकशीमुळे दोषी माणूस सुटला, तर त्याला सोडणारं न्यायालय नसतं. त्याला सोडवते ती घाई. याचा सर्वांत जड दाखला कारखान्यातला नाही, गोव्यातला आहे. गोवा विद्यापीठात 2009 साली लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या. समितीने एकामागून एक बैठका घेत, बचावाला पुरेसा वेळ न देता चौकशी उरकली आणि आरोपी प्राध्यापकाची नोकरी गेली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. जिथे चौकशी सोडली होती तिथून नीट पूर्ण करा, म्हणून. चौदा वर्षांनी. हे नुकसान फक्त आरोपीचं नाही. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचं काय? त्यांना चौदा वर्षांत अंतिम शब्द मिळालाच नाही. या निकालाकडे कुणी आरोपींना मिळालेली पळवाट म्हणून पाहू नये. नीट चौकशी ही सर्वांत आधी तक्रारदाराची गरज असते, कारण कच्च्या चौकशीवर उभं राहिलेलं सत्यही कोर्टात कोसळतं.

लैंगिक छळाच्या प्रकरणांत एक वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे: पीडितेला आरोपीच्या तोंडासमोर उलटतपासणीला बसवायचं का? नैसर्गिक न्याय म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच साचा, असं न्यायालयांनी कधीच मानलेलं नाही. 1973 सालच्या रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खटल्यात वसतिगृहातल्या मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत, मुलींची नावं उघड न करता घेतले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. कारण जबाबाचा आशय आरोपींना कळवला होता आणि उत्तराची संधी दिली होती. म्हणजे संरक्षण आणि न्याय्य सुनावणी यांची सांगड घालता येते, फक्त ती घालायची तयारी लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर ती तयारी कुठे दिसत नव्हती, म्हणून पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातून तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानला जावा, ही गोष्ट ठरली. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याने तर अंतर्गत समितीत संस्थेबाहेरची एक व्यक्ती सक्तीची केली आणि चौकशीला 90 दिवसांची मर्यादा घातली. या तरतुदीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तिने एक गोष्ट कबूल केली: ज्याच्या हातात नोकरी आहे त्याने एकट्याने न्याय करू नये, एक बाहेरचा डोळा हवा. ही कबुली एका प्रकारच्या गैरवर्तनापुरती का ठेवायची? चोरी, मारहाण, हलगर्जी, गैरहजेरी, ज्या आरोपाने माणसाची नोकरी जाऊ शकते त्या प्रत्येक चौकशीला कामगार आयुक्तांकडच्या यादीतला, मालकाने न निवडलेला अधिकारी का असू नये? त्याची फी मालकांनी एकत्र निधीत भरावी. खर्च वाढेल, हे खरं. पण चार न्यायालयांतल्या वकिलांची फी, एकवीस वर्षांची टांगती तलवार आणि हरल्यास मागचा पगार, या सगळ्यापुढे तो खर्च कुणी मोजून पाहावा.

मागच्या पगाराचा विषय निघाला म्हणून. 2007 साली महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शिक्षिकेला संस्थेने चौकशीचा देखावा करून काढून टाकलं. शाळा न्यायाधिकरणाने तिला पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने कामावर परत येणं मान्य केलं पण पगार काढून घेतला. दरम्यान ती दुसरीकडे कमावत नव्हती हे तिने सिद्ध करायला हवं होतं, असा तर्क. ऑगस्ट 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पगार परत दिला आणि नियम स्पष्ट केला: बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम, कर्मचारी दुसरीकडे कमावत होता असं मालकाचं म्हणणं असेल, तर ते मालकाने दाखवावं. याआधीच्या दशकात अनेक निकालांनी हा नियम सैल केला होता आणि कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे कल झुकला होता. एकरकमी भरपाई व्यवहार्य असते, काही वेळा दोघांनाही हवी असते. पण तिच्यात एक गोष्ट विकली जाते: चौकशी खोटी होती, हे त्याच दरवाजातून पुन्हा आत जाऊन सगळ्यांसमोर सिद्ध होणं. वस्तीत, नातेवाइकांत, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ‘चोरीवरून काढलेला’ हा शिक्का धनादेशाने पुसत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राने औद्योगिक संबंध संहिता लागू केली आणि 1947 चा जुना औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विसर्जित झाला. चांगलं आहे ते सांगायला हवं: कलम 11-अ चा अधिकार तिने ठेवला आहे, निर्वाह भत्ता पहिल्या 90 दिवसांना अर्धा आणि पुढे पाऊण पगार असा आहे, आणि निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवावी असं लिहिलं आहे. ‘साधारणपणे’ हा शब्द किती लांबतो, ते कळेलच. पण देखरेखीच्या कामावरच्या माणसाचा पगार महिना 18,000 रुपयांच्या वर गेला की तो ‘कामगार’ राहत नाही. चाकण-हिंजवडीत या ओळीच्या पलीकडे किती माणसं उभी आहेत याची कल्पना करावी. ‘राजीनामा लिहून दे, म्हणजे अनुभवाच्या दाखल्यावर काही येणार नाही’, या वाक्यापुढे त्यांच्याकडे फार तर दिवाणी दावा असतो. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याची चौकशीच होत नाही, तर ती सदोष कशी ठरणार?

सर्वांत जास्त चिंता मात्र छोट्या कारखान्यांची आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात स्थायी आदेश 100 कामगारांच्या आस्थापनेला लागू होते आणि महाराष्ट्राने तो आकडा 50 वर आणला होता. नव्या संहितेत तो 300 आहे. स्थायी आदेश म्हणजे दाराजवळच्या फलकावर लावलेला तो कागद, ज्यात गैरवर्तन कशाला म्हणायचं, आरोपपत्राला उत्तर द्यायला किती वेळ, बचावाला कुणाला आणायचं आणि शिक्षा ठरवताना मागची सेवा पाहायची, हे लिहिलेलं असतं. कोर्टात दहा-वीस वर्षांनी जे मुद्दे निघतात ते सगळे त्या कागदावर आधीच असतात. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीच्या शेडमध्ये साठ माणसांची एखादी फाउंड्री असते. तिथल्या मोल्डरवर उद्या पितळ चोरल्याचा आळ आला, तर त्याने बोट ठेवून दाखवावा असा कागद भिंतीवर असण्याची सक्ती संहितेने ठेवलेली नाही. नोकरी गेल्यावर न्यायाधिकरणाकडे जायला त्याला आता दोन वर्षांची मुदत आहे. आधी ती तीन वर्षांची होती.